कर्सिव्ह अक्षरे जोडायला मुलांना घरी कसे शिकवावे

माझी मुलगी मालवण तालुक्यातल्या आमच्या गावच्या मराठी शाळेत तिसरीत गेली, त्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच तिच्या इंग्रजीच्या वहीवर ‘कर्सिव्हचा सराव करून घ्यावा’ असा शेरा आला. सुटी इंग्रजी अक्षरे तिला चांगली येत होती, म्हणून मी बाजारातून कर्सिव्हचे एक सरावपुस्तक आणून तिच्या हाती दिले आणि माझ्या कामाला लागले. अर्ध्या तासाने येऊन पाहते तर तिने ‘नेट’ हा शब्द ओळभर लिहिला होता आणि तो दिसायलाही ठीक होता. पुढची ओळ ती माझ्यासमोर लिहू लागली तेव्हा लक्षात आले, की ती एन, ई आणि टी ही अक्षरे आधी सुटी काढत होती आणि मग मागे येऊन त्यांच्यामधल्या जागेत छोट्या रेघा ओढत होती. असे का करतेस, असे विचारल्यावर तिने सरळ उत्तर दिले, “आधी अक्षरां, मगे रेघ.”

तिच्या परीने ते अगदी बरोबर होते. मराठी लिहिताना आपण शब्दातली अक्षरे एकेक करून काढतो आणि शेवटी सगळ्यांवरून शिरोरेषा ओढतो. दोन वर्षे तिच्या हाताने हेच केले होते. शिवाय मराठी अक्षर वरच्या रेघेला टांगलेले असते, तर इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसते. आणि कर्सिव्हमध्ये जोड ही वेगळी रेघ नसून आधीच्या अक्षराचे शेपूटच पुढे जाऊन नव्या अक्षराची सुरुवात होते. मराठी शाळेतल्या मुलाची बहुतेक अडचण ह्या दोन फरकांत असते, आणि सरावपुस्तकात त्याविषयी एक ओळही नसते. त्यानंतर मी माझ्या धाकट्या मुलाला आणि वाडीतल्या पाच-सहा मुलांना पडवीत बसवून कर्सिव्ह शिकवले. ज्या पालकांच्या घरी हे काम नुकतेच सुरू होत आहे, त्यांच्यासाठी तो क्रम येथे लिहीत आहे.

१. मुलाची तयारी आधी पाहा

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. आमच्या पिढीला ते पाचवीत भेटले, त्यामुळे तिसरीच्या मुलाकडून काय अपेक्षा ठेवावी याचा अंदाज आपल्याला नसतो. माझा अनुभव असा, की मुलाला सगळी छोटी सुटी अक्षरे न पाहता लिहिता आली पाहिजेत, आणि प्रत्येक अक्षर कोठून सुरू करायचे हे त्याला ठाऊक असले पाहिजे. छोटा ए खालून सुरू करणारे किंवा ओ उलट दिशेने फिरवणारे मूल सुट्या अक्षरांत खपून जाते, पण जोडताना ते प्रत्येक शब्दात अडखळते. त्यामुळे पहिले चार दिवस वहीतल्या अक्षरापेक्षा लिहिणाऱ्या हाताकडे पाहा. सुरुवात चुकत असेल तर आधी तीच दुरुस्त करा, मग त्यात पंधरा दिवस गेले तरी चालतील.

२. लागणारे साहित्य

• चार रेघी वही. बहुतेक वह्यांत बाहेरच्या दोन रेघा तांबड्या आणि मधल्या दोन निळ्या असतात. रेघांमधले अंतर जितके मोठे मिळेल तितके सुरुवातीला चांगले.
• एचबी किंवा टू-बी शिसपेन्सिल, शक्यतो तीन बाजूंची.
• एक मोठे ताट आणि कोरडी वाळू किंवा रवा.
• खडू.
• शाळेत चालणाऱ्या कित्त्याची प्रत.
• वही ठेवायला घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा.

यातला शेवटचा डबा देशावरच्या वाचकाला अनावश्यक वाटेल, पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तो लागतोच. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत इतका ओलावा असतो, की उघड्या वहीचा कागद तो शोषून मऊ पडतो. मऊ कागदावर कडक पेन्सिल रुतते, रेघ उमटत नाही म्हणून मूल जोर देते, आणि जोर दिला की हाताचा ओघ थांबतो. माझ्या मुलीचा हात दुखतो म्हणून मी तिची पकड सुधारत बसले होते, आणि खरा दोष दप्तरात ओली झालेल्या वहीचा होता. सरावाची वही घरीच, डब्यात ठेवा आणि पेन्सिल मऊ वापरा.

खोडरबर मी यादीत मुद्दाम घेतलेला नाही. सरावाच्या वेळी तो जवळ असला की मूल शब्द अर्ध्यावर सोडून खोडू लागते, आणि शब्द एका दमात लिहिण्याची सवय लागत नाही. चुकलेल्या शब्दावर एक आडवी रेघ मारून तोच शब्द शेजारी पुन्हा लिहायला सांगावे.

३. शाळेचा कित्ता कोणता, ते विचारून घ्या

कर्सिव्हचे वळण सगळीकडे एकच नसते. आर, एस, एफ, झेड आणि के ही छोटी अक्षरे, तसेच बरीचशी मोठी अक्षरे, वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळी काढलेली आढळतात. मी बाजारातल्या पुस्तकावरून आर शिकवला आणि शाळेतल्या फळ्यावर तो निराळा निघाला, तेव्हा तो हातातून काढायला मुलीला शिकायला लागला त्याहून जास्त वेळ लागला. वर्गशिक्षकांना भेटून, ते फळ्यावर काढतात तीच छोटी आणि मोठी अक्षरे एका कागदावर लिहून घ्यावीत किंवा त्यांचा फोटो काढून घ्यावा. गणपतीला मुंबईहून आलेली आत्या किंवा काका मोठ्या हौसेने आपले वळण मुलाला दाखवतात; त्यांनाही हाच कागद दाखवावा.

४. बैठक, कागदाचा कल आणि पकड

जमिनीवर बसून पाटावर वही ठेवली तर चालते, पण पाट इतका उंच हवा की मुलाला पाठ वाकवावी लागणार नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाची वही किंचित डावीकडे कललेली असावी, म्हणजे वहीचा खालचा डावा कोपरा साधारण त्याच्या छातीच्या मध्याकडे येतो. डावखुऱ्या मुलाची वही उलट, उजवीकडे कलती ठेवावी आणि त्याने पेन्सिल टोकापासून थोडी अधिक वर धरावी, म्हणजे लिहिलेले त्याला दिसते आणि हातही त्यावर घासत नाही. डावखुऱ्या मुलाला हात बदलायला लावू नये. घरातली वडीलधारी माणसे कधी कधी तसा आग्रह धरतात. त्यांना आदराने, पण ठामपणे नाही म्हणावे.

पेन्सिल अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरलेली असावी आणि मधल्या बोटावर टेकलेली असावी. लिहिता लिहिता ती हळूच ओढून पाहा. सहज सुटली तर पकड योग्य आहे. बोटांची पेरे पांढरी पडली असतील तर त्या दिवशी तेथेच थांबा. पावसात चारलाच पडवीत अंधारून येते, म्हणून दिवा डाव्या बाजूला, आणि डावखुऱ्यासाठी उजव्या बाजूला, असू द्या.

५. अक्षरांच्या आधी वळणे

पहिला आठवडा एकही अक्षर लिहू नका. ताटात वाळू पसरा आणि मुलाला बोटाने तीन वळणे काढू द्या. पहिले वळण म्हणजे सलग फेऱ्यांची दोरी, ज्यातून पुढे ई आणि एल तयार होतात. दुसरे म्हणजे एकापुढे एक डोंगर, ज्यातून एन आणि एम निघतात. तिसरे म्हणजे पुळणीवर येणाऱ्या लाटांसारखे, वर जाऊन त्याच रेघेवरून थोडे मागे फिरणारे आणि पुन्हा पुढे जाणारे वळण. हे तिसरे सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत उपयोगी आहे, कारण ए, डी, जी, ओ ही अक्षरे त्याच्यावर उभी राहतात.

ह्या वेळी नियम एकच: ताटाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत बोट उचलायचे नाही. पावसात वाळू ओली राहते, तेव्हा रवा घ्या. ऊन असेल त्या दिवशी पडवीच्या कोब्यावर खडूने हातभर मोठी वळणे काढू द्या किंवा बोट पाण्यात बुडवून काढू द्या. मोठ्या आकारात खांद्यापासूनचा हात हलतो, आणि तो ओघ नंतर बोटांत उतरतो. दगडी पाटीवर मात्र मी हे करून घेत नाही, कारण पाटीवरची पेन्सिल अडत जाते आणि जोर मागते.

६. छोटी अक्षरे घराण्यांप्रमाणे घ्या

ए ते झेड हा क्रम पाठांतरासाठी ठीक आहे, हाताच्या वळणासाठी तो सोयीचा नाही. मी अक्षरे पुढील क्रमाने घेते. आधी आय, यू, टी, डब्ल्यू आणि जे, ज्यांची सुरुवात खालून तिरक्या रेघेने टोकापर्यंत जाते. मग फेरीची अक्षरे: ई, एल, एच, के, बी आणि एफ. मग डोंगराची: एन, एम, व्ही, एक्स, वाय आणि झेड. मग गोलाची: सी, ए, डी, जी, क्यू आणि ओ. शेवटी आर, एस आणि पी, जी कोणत्याच घराण्यात नीट बसत नाहीत.

अक्षर शिकवताना ते कोठे संपते, हे मुलाकडून तोंडाने म्हणून घ्या. बहुतेक अक्षरे वरून तिसऱ्या, म्हणजे खालच्या निळ्या रेघेवर संपतात. ओ, व्ही, डब्ल्यू आणि बी ही चार वर, म्हणजे दुसऱ्या रेघेजवळ संपतात. “खाली संपतो” आणि “वर संपतो” हे दोन शब्द मुलाच्या तोंडी बसले, की पुढच्या पायरीचे अर्धे काम झालेले असते.

ठिपक्यांवरून गिरवण्याचा सराव आठवड्यापेक्षा जास्त लांबवू नये. गिरवताना मूल ठिपके गाठत चालते, मध्ये थांबते, पेन्सिल उचलते, आणि तरीही पान सुंदर दिसते. त्यापेक्षा मुलाच्या शेजारी बसून त्याच्या वहीत तुम्ही स्वतः एक अक्षर सावकाश लिहा, म्हणजे हात कोठून निघाला आणि कोठे वळला, हे त्याला दिसेल. समोर बसून दाखवू नका. त्याला सगळे उलटे दिसते.

७. चार जोड, एकेक करून

खरे शिकवणे येथे सुरू होते. एकूण जोड चार प्रकारचे आहेत, आणि पुढचा जोड आधीचा हातात बसल्यावरच घ्यावा. प्रत्येकाला एक ते दोन आठवडे लागतात.

पहिला जोड खालून बुटक्या अक्षराकडे जातो: आय-एन, एन-ई, यू-एन. आधीच्या अक्षराचे शेपूट तिरके वर चढते आणि तेच पुढच्या अक्षराची पहिली रेघ होते. शेपूट संपले, मग पुढचे अक्षर सुरू झाले, असे दोन तुकडे मुलाला दिसले तर जोड चुकला. मी मुलांना दोन अक्षरांऐवजी तीन ई सलग लिहायला लावते. तिथे अक्षर कोठे संपते हे सांगताच येत नाही, आणि तीच तर जोडाची खूण आहे.

दुसरा जोड खालून उंच अक्षराकडे: आय-एल, टी-एच, ई-एल. येथे शेपूट दुसऱ्या रेघेशी न थांबता वर पहिल्या रेघेपर्यंत न्यायचे असते. मुले मध्येच दचकतात आणि एलचा ई होतो. “वरच्या तांबड्या रेघेला शिवून ये,” एवढे सांगणे पुरते.

तिसरा जोड खालून गोल अक्षराकडे: एम-ए, एन-डी, एल-ए. शेपूट वर चढून गोलाच्या माथ्यावरून पलीकडे, घड्याळात एक वाजतो त्या जागेपर्यंत जाते आणि मग त्याच रेघेवरून मागे फिरून गोल काढते. वाळूत गिरवलेली लाट ती हीच. मूल माथ्यावरून न जाता मध्येच वळले, तर गोल उघडा राहतो आणि ए हा यू दिसतो. गोल आणि दांडा यांच्यात फट राहिली तर डी हा सी आणि एल दिसतो. वाचणाऱ्याला शब्दच निराळा वाटतो, म्हणून ह्या जोडाला दोन आठवड्यांऐवजी तीन लागले तरी घाई करू नये. मी स्वतः धाकट्या मुलाच्या वेळी येथे घाई केली होती, आणि त्याचे ए अजून मधूनमधून उघडे राहतात.

चौथा जोड वरून निघतो: ओ-एन, डब्ल्यू-आय, व्ही-ई, बी-ओ. अक्षर वर संपते आणि तेथूनच एक किंचित झोळ असलेली आडवी रेघ पुढच्या अक्षराकडे जाते. खाली जायची सवय लागलेला हात येथे हमखास खालच्या रेघेवर उतरतो, आणि मग ओचा ए होतो. दोन माडांवर बांधलेली कपड्यांची दोरी मी मुलांना दाखवते. ती मध्ये थोडी लोंबते, पण जमिनीला लागत नाही. पुढचे अक्षर ई असेल तर दोरी थोडी अधिक खाली येऊ द्यावी लागते, नाहीतर ईची फेरी काढायला जागाच उरत नाही. व्ही-ई आणि डब्ल्यू-ई म्हणून वेगळे बसवावेत.

जी, जे आणि वाय यांची शेपटे चौथ्या रेघेपर्यंत जातात, डावीकडे फेरी घेऊन वर येतात आणि खालच्या निळ्या रेघेवर स्वतःलाच छेदून पुढे जातात. छेद त्या रेघेवरच पडला पाहिजे. तो खाली पडला तर पुढचे अक्षर रेघेखाली घसरते.

८. शब्द निवडताना जोड पाहा, अर्थ नंतर

पालकांना वाटते, की मुलाच्या ओळखीचा शब्द सोपा असतो. आमच्या वाडीत मुलाला रोज दिसणारी वस्तू म्हणजे बोट, म्हणून मीही पहिल्याच आठवड्यात बी-ओ-ए-टी लिहायला दिला होता. त्या शब्दात बी-ओ हा वरचा जोड आहे, ओ-ए हा वरून निघून गोल अक्षराकडे जाणारा आहे, म्हणजे दोन सर्वांत अवघड जोड लागोपाठ येतात. त्याउलट एन-ई-टी म्हणजे जाळे, हा फक्त पहिल्या दोन जोडांचा शब्द आहे.

पहिल्या जोडापासून टेन, टिन हे शब्द घ्यावेत. दुसऱ्या जोडाबरोबर नट, हट, हिल आणि टेल घ्यावेत. तिसऱ्यासाठी मॅट, लँड आणि हँड चांगले. चौथ्यासाठी विंड, मून आणि मग बोट. हे सगळे झाले, की कोकोनट लिहून घ्यावा: सी-ओ हा गोलाकडे जाणारा, ओ-सी हा वरून गोलाकडे जाणारा, ओ-एन हा वरून निघणारा आणि एन-यू हा खालचा जोड, असे अनेक जोड एकाच शब्दात येतात, आणि मुलाचा कोणता जोड कच्चा आहे हे एका दृष्टिक्षेपात कळते. मँगो हा शब्द जीच्या शेपटीसाठी उत्तम आहे.

आयवरचा ठिपका आणि टीची आडवी रेघ शब्द संपल्यावरच द्यायची. हा नियम मराठी मुलाला फार लवकर पटतो, कारण शब्द पुरा झाल्यावर मागे येऊन काहीतरी द्यायचे, ही शिरोरेषेची सवय येथे जशीच्या तशी उपयोगी पडते. मी मुलीला सांगितले, की मागे येण्याची हौस ठिपक्यावर आणि टीवर भागवावी, जोडावर नाही. तिची ती मधली रेघ ओढण्याची खोड त्यानंतरच सुटली.

त्या सुमारास माझ्या सासऱ्यांनी पेटीतून जमिनीचा एक जुना मोडी कागद काढून तिला दाखवला. मोडीत रेघ आधी ओढत आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता ओळ लिहीत जात. आपल्या घरातही कोणी हात न उचलता लिहीत होते, हे पाहून तिला कर्सिव्ह परके वाटेनासे झाले. घरात असा कागद असेल तर मुलाला जरूर दाखवा, मात्र हाताळताना तो सपाट धरावा, घडीवर दाबू नये.

९. मोठी अक्षरे

ही छोट्या अक्षरांनंतर घ्यावीत आणि त्यांच्यावर फार वेळ घालवू नये. प्रत्येक मोठे अक्षर पुढच्या अक्षराला जोडले जात नाही. ओ, पी, व्ही, डब्ल्यू, टी यांसारखी अक्षरे बहुतेक कित्त्यांत सुटीच ठेवतात. मुलाचे स्वतःचे नाव, गावाचे नाव आणि वारांची नावे एवढी मोठ्या अक्षराने लिहिता आली की पुरे.

१०. रोज किती आणि कसे तपासावे

रोज दहा ते पंधरा मिनिटे, चार किंवा पाच ओळी. पानेच्या पाने लिहायला लावणे ही सर्वांत मोठी चूक आहे आणि ती बहुतेक घरांत होते. तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर मुलाचा हात थकतो, अक्षर बिघडते, आणि त्यापुढचा सगळा सराव बिघडलेल्या वळणाचाच होतो. कर्सिव्ह लिहिणे ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नये.

तपासताना सगळ्या चुकांवर खुणा करू नका. त्या दिवशी जो जोड घेतला असेल तेवढाच पाहा, आणि ओळीतल्या सर्वांत चांगल्या शब्दाखाली मुलालाच रेघ मारू द्या. आपला चांगला शब्द मुलाला बहुधा बरोबर सापडतो. आठवड्यातून एकदा पाच शब्द तोंडी सांगून, समोर कित्ता न ठेवता लिहून घ्या आणि प्रत्येक शब्दात पेन्सिल किती वेळा उचलली ते मोजा. जूनमध्ये माझ्या मुलीने ‘हिल’ लिहिताना पेन्सिल तीनदा उचलली होती. गणपतीच्या सुट्टीनंतर ती शब्दाच्या शेवटी, आयच्या ठिपक्यासाठीच, उचलू लागली.

११. दुरेघी वही आणि पेन

चारही जोड शब्दांत नीट येऊ लागले, की चार रेघी वहीवरून दुरेघी वहीवर आणि मग एकरेघी वहीवर या. प्रत्येक वेळी अक्षर पहिले काही दिवस वर-खाली होते. ते आपोआप बसते, त्यासाठी मागे जाऊ नये. पेनाची घाई करू नका. शाईचे पेन दमट कागदावर फुटते आणि गुळगुळीत बॉलपेन मुलाच्या हातून निसटत जाते, त्यामुळे पाऊस पूर्ण जाऊन वह्या कोरड्या होईपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, पेन्सिलच असू द्या. सुट्टीत पेन हातात दिल्यावर पहिल्या दिवशी शब्द लिहायला सांगू नका. वाळूत काढली होती तीच तीन वळणे, तशीच सलग, एका पानावर काढू द्या.